जहाजातून काय काढलंस, ते सांग

2025च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. चांगलं झालं. रमीच्या ॲपपायी दागिने गहाण पडलेली घरं आमच्या तालुक्यातही आहेत आणि त्याबद्दल मला वेगळं काही म्हणायचं नाही. पण तेव्हापासून ‘गेम’ म्हटलं की घरोघरी एकच चित्र उभं राहतं: हातात मोबाइल, बुडालेला पैसा आणि वाया गेलेला मुलगा. पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत सगळे खेळ एकाच दावणीला बांधले जातात. त्यातला एक प्रकार मला सोडवून घ्यायचा आहे. या खेळांत खेळाडू आपलं अंतराळयान स्वतः घडवतो, त्याचं वजन, वीज, उष्णता आणि इंधन यांचा मेळ स्वतः घालतो, आणि मेळ बसला नाही तर कुठल्याशा ताऱ्यापाशी अडकून पडतो. अकरावी-बारावीच्या मुलाला इंजिनिअरिंग म्हणजे काय हे कळायला इतकं चांगलं साधन क्वचितच हाताशी येतं, असं माझं ठाम मत आहे. आणि ते आपण रमीबरोबर गटारात टाकायला निघालो आहोत.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर आहे. कोकणात आमच्यासारख्यांबद्दल ‘बोटीवर असतो’ एवढंच सांगतात आणि ते पुरतं. फोर्थ इंजिनिअर म्हणून चढलो, आता चीफ म्हणून जातो. आयुष्याचा मोठा भाग इंजिन रूमच्या गोंगाटात गेला. कॉन्ट्रॅक्ट संपवून रत्नागिरीला घरी आलो की काही आठवडे हाताला काम नसतं, आणि तेव्हा मी ‘एलिट डेंजरस’ खेळतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने तो डिसेंबर 2014मध्ये बाजारात आणला. आपल्या आकाशगंगेची खऱ्या मापाची प्रतिकृती, सुमारे 400 अब्ज तारे, आणि त्यात तुम्ही एक वैमानिक. व्यापार करा, खाणी खोदा, प्रवासी ने-आण करा, चाचेगिरी करा, नाहीतर नुसते भटका. लढाईत माझं मन रमत नाही. माझा वेळ जातो तो गोदीत, जहाज सज्ज करायच्या पडद्यासमोर. खेळाडू या कामाला ‘आउटफिटिंग’ म्हणतात आणि जुळवलेल्या मांडणीला ‘बिल्ड’.

प्रत्येक जहाजात यंत्रं बसवायच्या ठरावीक मापाच्या जागा असतात. पॉवर प्लांट, थ्रस्टर, एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारणारा फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, लाइफ सपोर्ट, वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, सेन्सर आणि इंधनाची टाकी यांना पर्याय नाही. बाकीच्या जागा तुमच्या: मालाचे रॅक, शील्ड, फ्युएल स्कूप, दुरुस्तीचं यंत्र, ग्रहावर उतरल्यावर फिरायची गाडी, जे हवं ते. बहुतेक यंत्रं ‘ई’पासून ‘ए’पर्यंत पाच प्रतींत मिळतात. ‘ई’ स्वस्त आणि कामापुरतं, ‘ए’ सर्वांत समर्थ आणि सर्वांत महाग. इथपर्यंत नवीन काही नाही. खुबी आहे ती ‘डी’मध्ये. ‘डी’ प्रत साधारणपणे सगळ्यांत हलकी असते. एका उडीत जहाज किती प्रकाशवर्षं जाईल हे त्याच्या एकूण वजनावर ठरतं, त्यामुळे खिशात पैसे आहेत म्हणून सगळं ‘ए’ बसवलं की उत्तम जहाज झालं, असं होत नाही. लांब जायचं असेल तर ड्राइव्ह ‘ए’ घ्यायचा आणि बाकी बरंचसं ‘डी’. जानेवारी 2019मध्ये खेळाडूंनीच आखलेल्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स 2’ या मोहिमेत हजारो जहाजं आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेला निघाली होती. पृथ्वीपासून सुमारे 65 हजार प्रकाशवर्षं. त्या तांड्यातला माणूस निघण्यापूर्वी आपल्या जहाजातून काय काय उतरवता येईल, याचाच विचार करत होता.

हा विचार मला परका नव्हता. बोटीवर घेतलेला प्रत्येक टन बंकर, म्हणजे जळण, हा न घेतलेला एक टन माल असतो. जहाजाच्या कुशीवर रंगवलेली लोड लाइन पाण्याखाली जाऊ द्यायची नाही, हा कायदा ब्रिटिश संसदेने सॅम्युएल प्लिमसोल यांच्या चळवळीमुळे 1876 साली केला, आणि तेव्हापासून जहाजावर काय चढवायचं यापेक्षा काय धक्क्यावर ठेवायचं याचीच चर्चा जास्त होते. डिझाइनच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात येतं. विद्यार्थी तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. खेळात तोच विद्यार्थी स्वतःच्या हाताने शील्ड काढतो, उडी दोन प्रकाशवर्षांनी वाढलेली बघतो, परत शील्ड लावतो, पुन्हा काढतो. तासभर त्याच्या डोक्यात तेवढंच चालू असतं.

लाइफ सपोर्टचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. रोजच्या उड्डाणात ते यंत्र काही करतंय असं वाटतच नाही. पण कॉकपिटची काच फुटली किंवा इंधन संपून वीज गेली की पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते. ‘ई’ प्रतीत 5 मिनिटांचा प्राणवायू, ‘डी’त साडेसात, ‘सी’त 10, ‘बी’त 15 आणि ‘ए’मध्ये 25 मिनिटं. जीव वाचवणारं यंत्र, मग सर्वांत चांगलंच घ्यावं, असं कुणालाही वाटेल. लढाईला जाणारा वैमानिक घेतोही. त्याची काच फुटते ती वस्तीतल्या ताऱ्याजवळ, आणि 25 मिनिटांत तो स्टेशन गाठू शकतो. दूरच्या प्रवासाला निघालेला मात्र डोळे उघडे ठेवून ‘डी’ घेतो. सर्वांत जवळचं स्टेशन हजारो प्रकाशवर्षांवर असेल तर साडेसात मिनिटं काय आणि 25 मिनिटं काय, दोन्ही अपुरीच. तेव्हा तो वजन वाचवतो, आणि काच फुटण्याची वेळच येऊ नये म्हणून जहाज जपून चालवतो. सुरक्षिततेचं उपकरण कुठे उपयोगी पडेल आणि कुठे त्याचं नुसतं ओझं होईल, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडलेला मी कुठल्याही ट्रेनिंग कोर्समध्ये पाहिला नाही. आणि मी कोर्स पुष्कळ केले आहेत.

याच मिनिटांवर उभी राहिलेली एक संघटनाही आहे. ‘फ्युएल रॅट्स’ हे खेळाडूंचं स्वयंसेवी पथक 2015पासून इंधन संपून अडकलेल्यांना शोधून इंधन पोचवतं. मोबदला घेत नाही. प्राणवायूची मोजणी सुरू झाली असेल तर आधी खेळातून बाहेर पडायला सांगतात, म्हणजे घड्याळ थांबतं. मग मदत जवळ आली की परत बोलावतात. त्यांची जहाजंही याच कामासाठी बांधलेली: लांब उडी, जादा टाकी आणि इंधनाचे ड्रोन सोडणारा कंट्रोलर, बाकी सगळं कमीत कमी. समुद्रावर दुसऱ्याची बोट संकटात असेल तर आपली वाट सोडून जायचं, हा आमचा जुना धर्म आहे. कुणी भाग न पाडता मुलांनी तो इथे पाळलेला बघून मला मनापासून बरं वाटतं.

आता विजेकडे येतो, कारण तो माझा धंदा. बोटीवर जनरेटरवर ताण आला की ‘प्रेफरेन्शियल ट्रिप’ नावाची व्यवस्था कमी महत्त्वाचे भार आपोआप तोडते. आधी एअर कंडिशनिंग जातं, गॅलीतली उपकरणं जातात, मग पुढची पायरी. स्टिअरिंग गिअर आणि ल्युब ऑइलचे पंप यांना हात लागता कामा नये. तरीही सगळं अंधारात गेलंच, तर आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ नियमांप्रमाणे इमर्जन्सी जनरेटरने 45 सेकंदांच्या आत आपणहून सुरू होऊन भार उचलायला हवा. भर सामुद्रधुनीत, दोन्ही बाजूंना जहाजं असताना ब्लॅकआउट झालेला माणूस या यादीतला क्रम जन्मात विसरत नाही.

‘एलिट’मध्ये हीच यादी खेळाडूला स्वतः करायची असते. प्रत्येक यंत्राला 1 ते 5 असा प्राधान्यक्रम द्यायचा. शस्त्रं बाहेर काढली आणि विजेची मागणी प्लांटच्या क्षमतेबाहेर गेली की पाचव्या गटापासून यंत्रं बंद पडायला लागतात. ज्याने क्रम लावलेला नाही त्याचे थ्रस्टर ऐन मोक्याला बंद पडू शकतात. जाणकार पहिल्यांदा काय करतो? कार्गो हॅच, म्हणजे मालाचा दरवाजा, पाचव्या गटात टाकतो. लढताना दरवाजा उघडायची गरज नसते, आणि तो उगाच वीज ओढतो. प्लांट मार खाऊन अर्धमेला झाला तरी थोडी वीज देत राहतो, म्हणून पक्के खेळाडू पळून जायला लागणारी यंत्रं तेवढ्या विजेत बसतील अशी आधीच मोजून ठेवतात. आमच्या इमर्जन्सी स्विचबोर्डची यादीही याच विचाराने ठरते.

एका कॉन्ट्रॅक्टवर नव्याने आलेला एक ज्युनिअर इंजिनिअर होता, मराठवाड्यातला, समुद्र पहिल्यांदाच बघणारा. मेन स्विचबोर्डसमोर उभं करून त्याला ट्रिपचा क्रम समजावून द्यायला लागलो. अर्ध्यावरच तो म्हणाला, “कळलं सर. कार्गो हॅच पाच नंबरला.” पुढचं मला सांगावं लागलं नाही. कुठला ब्रेकर आधी पडणार हे त्याने बोटाने दाखवलं, आणि का, तेही सांगितलं. पुस्तकातली व्याख्या त्याला येत होती की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलीही नाही.

माझा पुतण्या अकरावीत आहे. गेल्या रजेत त्याने मला त्याचं ‘ॲस्प एक्सप्लोरर’ दाखवलं. त्याने मुद्दाम लहान मापाचा पॉवर प्लांट बसवला होता, पण ‘ए’ प्रतीचा. मी विचारलं, “मोठी जागा असताना लहान का?” त्याचं उत्तर तयार होतं: “मोठ्याची वीज मला लागतच नाही, काका. लहान आहे म्हणून हलका, आणि ‘ए’ आहे म्हणून कमी तापतो. स्कूपिंगला बरा.” स्कूपिंग म्हणजे ताऱ्याच्या कडेने उडत त्याच्यातूनच इंधन ओढून घ्यायचं. त्या वेळी जहाज तापत जातं, पारा 100 टक्क्यांच्या वर गेला की यंत्रांना इजा व्हायला लागते. मोठा स्कूप बसवला तर टाकी लवकर भरते आणि ताऱ्याजवळ कमी वेळ थांबावं लागतं. पण मग ती मोठी जागा दुरुस्तीच्या यंत्राला मिळत नाही. त्यावर आमचा वाद झाला. लांबच्या प्रवासात दुरुस्तीचं यंत्र नसणं मला पटत नाही. बोटीवर स्पेअर्सशिवाय बंदर सोडणारा चीफ मी नाही. तो म्हणाला, स्पेअर्सचंही वजन असतंच ना. शेवटी त्याने एक मालाचा रॅक काढला आणि लहानसं दुरुस्तीचं यंत्र बसवलं. शील्ड ठेवलं, पण ‘डी’ प्रतीचं आणि बसेल तेवढं लहान, उतरताना चुकून आपटलं तर जहाज फुटू नये एवढ्यापुरतं.

त्याच्या फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही सात अक्षरं लिहिलेली आहेत. या वर्गांतल्या ताऱ्यांतून इंधन घेता येतं. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी तापमानाप्रमाणे लावलेला हा ताऱ्यांचा क्रम त्याला शाळेने शिकवलेला नाही. पुढची उडी कुठल्या ताऱ्यापाशी संपणार आहे हे न बघता निघालं तर परत येता येत नाही, म्हणून त्याने तो शिकून घेतला.

या सगळ्याची सुरुवात फार लहान जागेत झाली. 1984मध्ये केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल, यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी पहिला ‘एलिट’ लिहिला. यंत्राची सगळी मेमरी 32 किलोबाइट. तुम्हाला एक ‘कोब्रा मार्क थ्री’ जहाज आणि 100 क्रेडिट मिळायचे. व्यापार करून पैसे साठवायचे आणि एकेक वस्तू घ्यायची: मालाची जागा 20 टनांवरून 35, चांगला लेझर, फ्युएल स्कूप, आपोआप स्टेशनात शिरवणारा डॉकिंग कॉम्प्युटर. आधी काय घ्यायचं यावर पुढचा सगळा खेळ ठरायचा. आज यानबांधणीचे जे खेळ आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या घराण्याचा मूळ पुरुष हाच.

आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा 2003चा ‘ईव्ह ऑनलाइन’ याच वळणाचा, फक्त जास्त निष्ठुर. तिथे प्रत्येक यंत्र मेगावॉटमध्ये वीज आणि टेराफ्लॉपमध्ये संगणकाची ताकद मागतं, आणि जहाजाकडे दोन्ही मोजकंच असतं. नष्ट झालेलं जहाज परत येत नाही. 27 आणि 28 जानेवारी 2014च्या एका लढाईत 75 ‘टायटन’, म्हणजे त्या जगातली सर्वांत अजस्र जहाजं, नष्ट झाली. जिथे ही लढाई झाली त्या प्रदेशाचं भाडं एका आघाडीकडून वेळेवर भरलं गेलं नव्हतं, तिथून ठिणगी पडली होती. लढाईच्या वर्णनांपेक्षा मला यातली हिशेबाची बाजूच अधिक शिकवणारी वाटते.

यंत्रं निवडण्याच्या पुढे जाऊन नळकांडी आणि टाक्या हाताने जोडायच्या असतील तर ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ आहे. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने 2011मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, पूर्ण आवृत्ती 2015ला आली. नासा आणि युरोपीय अंतराळ संस्था या दोघींनी त्याच्याबरोबर काम केलं आहे. इथे रॉकेट उंच होत जातं तसं ते वाकतं, डुलतं, पडतं. इंधन वाढवलं की वेग वाढतो, पण इंधनाचंच वजन उचलायला आणखी इंधन लागतं. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांनी 1903मध्ये प्रसिद्ध केलेलं समीकरण हेच सांगतं, आणि त्यातला लॉगॅरिदम मुलाला फळ्यावर न कळता रॉकेट पडल्यावर कळतो. आपल्या मंगळयानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे 1337 किलो होतं आणि त्यातलं 852 किलो नुसतं इंधन. पीएसएलव्हीची ताकद त्याला थेट मंगळाच्या वाटेला लावण्याइतकी नव्हती, म्हणून नोव्हेंबर 2013मध्ये पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने उंच नेत मग यान सोडलं. वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘स्वस्तात मंगळ’ एवढंच छापलं. ‘कर्बल’ खेळलेल्या मुलाला त्या टप्प्यांमागचं शहाणपण दिसतं, कारण अपुऱ्या रॉकेटने त्याने तोच मार्ग धरलेला असतो.

एवढं चांगलं बोललो, आता तक्रार. या खेळांचा जीव त्यातल्या अडचणीत आहे, आणि खेळ विकणाऱ्या कंपन्यांना ती अडचणच विकायची हाव सुटली आहे. मे 2024पासून ‘एलिट’मध्ये नवी जहाजं आधी खऱ्या पैशांनी घेतलेल्या चलनात मिळतात, खेळून कमावलेल्या क्रेडिटमध्ये काही महिन्यांनी. त्याच सुमाराला कामाप्रमाणे आधीच सज्ज केलेली जहाजंही विक्रीला आली. पैसे भरा, बांधून तयार. ख्रिस रॉबर्ट्स यांचा ‘स्टार सिटिझन’ 2012पासून लोकवर्गणीवर चालला आहे. 2024पर्यंत 70 कोटी डॉलर्सहून अधिक जमा झाले, खेळ तेव्हाही पूर्ण झालेला नव्हता. जहाजांचा एकत्रित गठ्ठा तिथे हजारो डॉलर्सना विकला जातो, आणि त्यातली काही जहाजं विकताना नुसती चित्रात असतात. मला हे अयोग्य वाटतं आणि त्याचं कारण निव्वळ पैसा नाही. तयार बिल्ड विकत घेणाऱ्या मुलाच्या हातून नेमका तोच तास काढून घेतला जातो, ज्यासाठी हा खेळ त्याच्या हाती द्यावा असं मी म्हणतो. त्याला लाइफ सपोर्ट ‘डी’ का, हे कधी विचारावं लागत नाही. जहाज त्याचं असतं, पण त्यातल्या एकाही खिळ्याबद्दल त्याच्याकडे उत्तर नसतं.

खेळाच्या आतही एक दोष आहे. 2016मध्ये ‘एलिट’मध्ये ‘इंजिनिअर्स’ आले, यंत्रं हवी तशी सुधारून देणारे कारागीर. कल्पना उत्तम. वजन कमी केलं तर मजबुती घटते, क्षमता वाढवली तर उष्णता वाढते, म्हणजे पुन्हा देवाणघेवाण. पण त्यासाठी कच्चा माल गोळा करत तेच ते काम करत बसावं लागतं. अनेकांचे असंख्य तास त्यात गेले, आणि त्या तासांत शिकण्यासारखं काही नव्हतं. पालकांनी मुलाला उठवायला हवं ते अशा वेळी.

रंगाबद्दल माझं मत वेगळं आहे. जहाजाला हवा तो रंग चढवायचा, नावाची पाटी लावायची, पुढे चित्र लावायचं, यालाही पैसे मोजावे लागतात, मोजणाऱ्याने मोजावेत. त्याने कुणाचं काही बिघडत नाही आणि कुणाला वरचढ करता येत नाही. आपल्या जहाजाबद्दल आपलेपणा असायला हवा. आमच्याकडे फनेलच्या रंगावरून मैलभर अंतरावरून कंपनी ओळखतात, आणि डेकवरची पोरं आपल्या बोटीचा रंग उडालेला असला तर बंदरात ओशाळतात. ‘एलिट’मध्ये लांबच्या प्रवासात रंग झिजतो, पत्रा उघडा पडतो. स्टेशनात पैसे देऊन तो पुन्हा नवा करता येतो. पण लांब जाऊन आलेले कितीतरी वैमानिक तो मुद्दाम तसाच ठेवतात. विकत घेतलेल्या कुठल्याही रंगापेक्षा मला ते खरवडलेलं जहाज देखणं वाटतं.

मरीन इंजिनिअरिंगच्या शिक्षणात आज इंजिन रूम सिम्युलेटर असतो. त्यावर घालवलेल्या तासांना कुणी खेळ म्हणत नाही, कारण तो कॉलेजात आहे आणि त्याची फी भरलेली आहे. मला इंजिनिअरिंगच्या कॉलेजांना एवढंच सुचवायचं आहे: पहिल्या वर्षाच्या मुलांना एक जहाज द्या, ठरावीक क्रेडिट द्या, कुठे जायचं ते सांगा, आणि दोन आठवड्यांनी प्रत्येकाने आपली बिल्ड वर्गासमोर उभं राहून पटवून द्यावी. मार्क उत्तराला देऊ नका, कारणाला द्या. पुण्या-मुंबईत खेळ बनवणारी मुलं आहेत, कसबी आहेत. त्यांनी परदेशी खेळांसाठी सुटे भाग रंगवत बसण्यापेक्षा असा एखादा गोदीचा खेळ मराठीतून करावा. सुटसुटीत असला, साध्या लॅपटॉपवर चालला तरी पुरे. 1984ला 32 किलोबाइटमध्ये झालं होतं.

आणि घरी मूल संगणकासमोर यान बांधत बसलेलं दिसलं, तर पालकांनो, प्लग ओढण्याआधी शेजारी खुर्ची ओढा. ते यान विकत घेतलंय की बांधलंय, हे आधी विचारा. तयार घेतलं असेल तर पैसे कुठून आले याची चौकशी जरूर करा. बांधलं असेल तर ते कुठे जाणार आहे आणि त्यासाठी त्यातून काय काढून ठेवलं, हे विचारा. कारणासकट उत्तर आलं, तर त्याला ते जहाज पुरं करू द्या.